एक वर्ष इंजिनिअरिंग झालंय, आता अमेरिकेत बॅचलर्सला जायचंय: मी फर्स्ट-इयर, ट्रान्सफर की इंटरनॅशनल?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. बारावी स्टेट बोर्डातून, ८४ टक्के. मग सीईटी, कॅप राउंड, पुण्यातल्या एका कॉलेजात मेकॅनिकल मिळालं. पहिलं वर्ष आत्ता संपलं, एम-वनमधे, म्हणजे गणिताच्या पहिल्या पेपरात, केटी आहे, म्हणजे तो पेपर राहिलाय, परत द्यायचाय. पुढच्या ऑगस्टमधे अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्सच्या बॅचलर्सला जायचंय. युनिव्हर्सिट्यांच्या ॲडमिशनच्या माहितीत फर्स्ट-इयर, ट्रान्सफर आणि इंटरनॅशनल अशा तीन वेगळ्या याद्या दिसतात आणि आपण कुठल्या यादीतले ते तुला कळत नाहीये. शिवाय शेवटी तू जाता जाता लिहिलंस की एका एजंटने सांगितलंय, "कॉलेजचं वर्ष दाखवूच नकोस, गॅप घेतला म्हणून सांग, फर्स्ट-इयरला सोपं पडतं." माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे, याद्यांचं नंतर बघू.

मी आधी अमेरिकेतल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीच्या ॲडमिशन ऑफिसात परदेशी फाइली तपासायचे, त्यात भारतातल्या मार्कशीट भरपूर असायच्या, आणि आता इकडे मुलांना अर्जात मदत करते. पुढे जे लिहितेय ते त्या कामातून आलेलं आहे. युनिव्हर्सिटीगणिक नियम बदलतात हे मात्र सतत डोक्यात ठेव, कारण "अमेरिकेत असं चालतं" असं एक वाक्य कुणी ठामपणे सांगितलं की समज त्याने एकच युनिव्हर्सिटी बघितलीय.

आधी त्या तीन शब्दांचं. फर्स्ट-इयर की ट्रान्सफर हे तुझ्या शिक्षणावरून ठरतं, म्हणजे बारावीनंतर तू कुठल्या कॉलेजात नाव घातलंस की नाही त्यावरून. इंटरनॅशनल हे तुझ्या पासपोर्टवरून आणि मार्कशीट कुठल्या देशाच्या आहेत त्यावरून ठरतं. त्यामुळे तू दोन्ही आहेस, ट्रान्सफरही आणि इंटरनॅशनलही, आणि तुला दोन्ही याद्यांमधली कागदपत्रं लागणार. अमेरिकन नागरिक असलेला पण ठाण्यात शिकलेला मुलगा मी बघितलाय, त्याला व्हिसा लागत नव्हता, पैशाचा पुरावा लागत नव्हता, पण मार्कशीट तपासायचं सगळं सोपस्कार इंटरनॅशनलसारखंच झालं. उलट अमेरिकेत हायस्कूल केलेल्या भारतीय मुलीला इंग्रजीची परीक्षा द्यावी लागली नाही पण आय-२०, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो कागद, लागला. मुलं यादी उघडतात, पहिलाच शब्द आपल्याला लागू वाटला की तिथेच थांबतात आणि मग मार्चमधे धावपळ करतात.

आता कॉलेजात नाव घालणं म्हणजे नेमकं काय, इथे आपल्याकडे खूप घोळ होतो. बारावीनंतर वर्षभर फक्त जेईई किंवा नीटचा क्लास लावला, कॉलेज नाही, तर तू फर्स्ट-इयरच. क्लास म्हणजे कॉलेज नाही, तो सरळ गॅप, आणि गॅपला कुणी नाक मुरडत नाही, काय केलंस ते नीट लिहिलं की झालं. पण क्लासच्या जोडीला "असू दे नावाला" म्हणून बीएस्सीला किंवा मुक्त विद्यापीठात ॲडमिशन घेऊन ठेवली असेल तर ते नाव घालणंच झालं, मग एकही लेक्चरला गेला नसशील तरी. आयआयटी मद्रासचा ऑनलाइन बीएस करणारी मुलंही हे विसरतात. कॅपमधे सीट घेतली, फी भरली, महिनाभर गेला आणि सोडलं, अशी केस असेल तर ती मात्र खरोखर मधलीच आहे, ती युनिव्हर्सिटीला लेखी विचारावी लागते. तुझ्या बाबतीत असं काही नाही, तू दोन सेमिस्टर दिलीस, मार्कशीट हातात आहे.

म्हणून एजंटच्या सल्ल्याबद्दल सरळ सांगते, तसं करू नकोस. अर्ज सबमिट करताना तू सही करतोस की दिलेली माहिती पूर्ण आणि खरी आहे, आणि जवळपास प्रत्येक अर्जात बारावीनंतर शिकलेल्या सगळ्या संस्थांची नावं मागितलेली असतात. "दाखवायचं की नाही" असा पर्याय तिथे नसतोच. नंतर उघड झालं तर ॲडमिशन रद्द होते, शिकत असताना कळलं तर काढून टाकतात. आणि उघड होतं कसं असं तू विचारशील. व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममधे आधी शिकलेल्या संस्था विचारतात, तिथे कॉलेज लिहिलंस तर युनिव्हर्सिटीला सांगितलेल्या गोष्टीशी ते जुळत नाही, आणि नाही लिहिलंस तर तू आता अमेरिकन सरकारशी खोटं बोललास. व्हिसासाठी महत्त्वाची माहिती जाणूनबुजून खोटी दिली असं ठरलं तर त्यांच्या इमिग्रेशन कायद्यात कायमच्या बंदीची तरतूद आहे. एजंटचं यात काहीच जात नाही, त्याचं कमिशन तू पोचलास की त्याला मिळतं, सही तुझी असते. एकोणिसाव्या वर्षी असं ओझं घेऊन परदेशात जाऊ नये रे, प्रत्येक नवीन फॉर्म भरताना आधी काय खोटं लिहिलं होतं ते आठवत बसावं लागतं.

शिवाय ते लपवायची गरजच नसते बऱ्याचदा. काही युनिव्हर्सिट्यांमधे ठरावीक क्रेडिटच्या (किती शिकून झालं ते मोजायचं माप) खाली असलेल्याला, कुठे १२, कुठे २४, कुठे ३०, फर्स्ट-इयर म्हणूनच अर्ज करायला सांगतात, कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या मार्कांचा अधिकृत कागद, जोडून. काही ठिकाणी एक सेमिस्टर केलं तरी ट्रान्सफर. प्रिन्स्टनने तर कित्येक वर्षं ट्रान्सफर घेणंच बंद ठेवलं होतं, २०१८ मधे परत सुरू केलं. हार्वर्डला किमान एक वर्ष झालेलं लागतं आणि दोनपेक्षा जास्त चालत नाही. सगळ्यात चांगलं उदाहरण यूसीचं, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचं, तिची बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो वगैरे कॅम्पस. तिथे हायस्कूलनंतर कॉलेजच्या नेहमीच्या टर्मला बसलास की तू ट्रान्सफर, आणि ट्रान्सफर घेताना त्यांचा सगळा भर तिसऱ्या वर्षात येणाऱ्यांवर असतो, म्हणजे ६० सेमिस्टर युनिट (क्रेडिटलाच ते युनिट म्हणतात) पूर्ण झालेल्यांवर. मग एक वर्ष केलेला मुलगा तिथे त्रिशंकू होतो, फर्स्ट-इयर म्हणून घेत नाहीत आणि ट्रान्सफरला पुरेसे युनिट नाहीत.

इथे तुझ्या लक्षात न आलेली एक गोष्ट आहे. तू स्वतःला "एक वर्ष झालेला" समजतोयस, पण तू जाणार पुढच्या ऑगस्टमधे. मधलं वर्ष तू काय करणार? एसई, म्हणजे इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, करणार, बरोबर? मग तू तिथे पोचशील तेव्हा दोन वर्षं झालेली असतील, आणि युनिव्हर्सिटी तेच धरून चालणार. म्हणजे काही ठिकाणी तुझी पात्रता उलट वाढते आणि काही ठिकाणी कमी होते. यूसीच्या ६० युनिटच्या जवळपास तू कदाचित पोचशीलही, पण त्यांना ट्रान्सफरसाठी सात विषयांचा एक साचा लागतो, त्यात इंग्लिश कॉम्पोझिशनचे दोन कोर्स असतात, आणि आपल्या इंजिनिअरिंगच्या कम्युनिकेशन स्किल्सला त्यात सहसा कुणी धरत नाही. शिवाय त्यांचं प्राधान्य कॅलिफोर्नियातल्याच कम्युनिटी कॉलेजच्या (पहिली दोन वर्षं शिकवणारी सरकारी कॉलेजं) मुलांना असतं. मी तुझ्या जागी असते तर यूसीला फार आशा लावली नसती.

आता क्रेडिट, ह्यावर जरा जास्त लिहिते कारण पैशाचं सगळं गणित ह्यावर आहे आणि नेमकं हेच कुणी समजावून सांगत नाही. एआयसीटीईच्या, म्हणजे आपल्या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, मॉडेल अभ्यासक्रमात चार वर्षांच्या इंजिनिअरिंगला साधारण १६० क्रेडिट आहेत, म्हणजे वर्षाला ४० च्या आसपास. अमेरिकेत बॅचलर्स साधारण १२० सेमिस्टर क्रेडिटची, वर्षाला ३०. त्यामुळे तुझे ४० म्हणजे त्यांचे ४० असं होत नाही, तपासणारा माणूस आधी एक पूर्ण वर्ष म्हणजे जास्तीत जास्त ३० असं धरून चालतो आणि मग त्यातले कुठले उपयोगाचे ते बघतो. मी स्वतः हेच करायचे. आणि "क्रेडिट मिळालं" ह्याचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे नुसतं इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक विषय, म्हणून जमा झालं, दुसरं म्हणजे त्यांच्या एखाद्या कोर्सच्या जागी धरलं गेलं. इंजिनिअरिंग ड्रॉइंग, वर्कशॉप, बेसिक मेकॅनिकल हे तुला कॉम्प्युटर सायन्सला जायचंय म्हटल्यावर फारतर इलेक्टिव्ह. फिजिक्स आणि केमिस्ट्री, लॅब असल्याचं दिसलं तर, बऱ्यापैकी जुळतं. प्रोग्रामिंगचा पेपर सिलॅबसवर अवलंबून.

गणिताचं सगळ्यात गंमतशीर होतं. तिकडे कॅल्क्युलस-वन, टू, थ्री अशी ओळ असते. आपल्याकडे एका व्हेरिएबलचं डिफरन्सिएशन-इंटिग्रेशन बारावीतच होऊन जातं, आणि एम-वन, एम-टूमधे मॅट्रिसेस, पार्शल डिफरन्सिएशन, डिफरन्शियल इक्वेशन्स, मल्टिपल इंटिग्रल असं सगळं एकत्र मिसळलेलं असतं. तपासणाऱ्याला कळत नाही ह्याला काय म्हणायचं, कॅल्क्युलस-थ्रीचा अर्धा आहे, लिनिअर अल्जिब्राचा पाव आहे, आणि कॅल्क्युलस-वन तर दिसतच नाही. मग तो सावध राहून कमी देतो. ह्यावर उपाय एकच, प्रत्येक विषयाचा युनिव्हर्सिटीचा अधिकृत सिलॅबस, युनिटनिहाय, तासांसकट, पुस्तकांच्या नावांसकट, आत्ताच डाउनलोड करून ठेव. पॅटर्न बदलला की जुने सिलॅबस वेबसाइटवर सापडता सापडत नाहीत. ज्या मुलांनी नीट सिलॅबस पाठवला त्यांची फाइल मी गणित विभागाकडे पाठवू शकायचे, ज्यांनी फक्त मार्कशीट पाठवली त्यांच्या बाबतीत माझे हात बांधलेले असायचे.

आणखी एक गैरसमज, आपलं कॉलेज एनबीए (इंजिनिअरिंगच्या कोर्सना मान्यता देणारी आपली संस्था) मान्यताप्राप्त आहे आणि एनबीए २०१४ पासून वॉशिंग्टन ॲकॉर्डमधे, म्हणजे एकमेकांच्या इंजिनिअरिंगला मान्यता द्यायच्या आंतरराष्ट्रीय करारात, आहे, म्हणजे सगळी क्रेडिट आपोआप धरतील असं काही जण सांगतात. तो करार पूर्ण झालेल्या डिग्रीबद्दल आहे, अर्ध्यात सोडलेल्या वर्षांबद्दल नाही. आणि किती क्रेडिट धरली ते बहुतेक ठिकाणी ॲडमिशन मिळाल्यानंतरच पक्कं कळतं, तोवर अंदाज. बहुतेक ठिकाणी सी च्या खालच्या ग्रेडचं क्रेडिट मिळत नाही. क्रेडिट येतं पण जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, येत नाही, तिथे पाटी परत कोरी. आणि डिग्री त्यांची हवी तर शेवटची काही क्रेडिट, कुठे ३०, कुठे त्याहून बरीच जास्त, त्यांच्याकडेच करावी लागतात.

केटीबद्दल तू फार घाबरून लिहिलंयस. केटीने दार बंद होत नाही. पण तुझी केटी गणितात आहे आणि तू अर्ज कॉम्प्युटर सायन्सला करतोयस, म्हणून ती सुटलेली असणं फार महत्त्वाचं. पुढची जी कुठली संधी आहे तिला ती काढ, चांगल्या मार्कांनी काढ, आणि अर्जात ॲडिशनल इन्फर्मेशनच्या रकान्यात दोन-तीन वाक्यांत काय झालं आणि मग काय केलंस एवढं लिही. सबबींचा परिच्छेद नको. ट्रान्सक्रिप्टवर दोन्ही अटेम्प्ट दिसले तरी चालतात, मी अशा कित्येक फाइली पुढे पाठवल्यात. तपासणारा बघतो ते पुढच्या सेमिस्टरला ग्राफ वर गेलाय की खाली.

कागदपत्रांचं आता. ट्रान्सफरला कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट लागतेच, पण बऱ्याच ठिकाणी, विशेषतः एकदोन वर्षंच झाली असतील तर, नववी ते बारावी चारही वर्षांचे मार्कही मागतात. आपल्याकडे नववी-दहावी शाळेत आणि अकरावी-बारावी ज्युनिअर कॉलेजात, त्यामुळे दोन ठिकाणी जावं लागतं. दहावी आणि बारावीच्या बोर्डाच्या मार्कशीट असतात, पण नववी आणि अकरावीचं प्रगतीपुस्तक लोकांनी कधीच टाकून दिलेलं असतं. शाळेत जाऊन लेटरहेडवर नववीचे विषयवार मार्क, शिक्का आणि मुख्याध्यापकांची सही असं पत्र घे. शाळा मराठी माध्यमाची असेल तर मूळ कागद आणि अधिकृत इंग्रजी भाषांतर दोन्ही जोडायचं. टक्के किंवा सीजीपीए तू स्वतः चारच्या स्केलवर बदलू नकोस, जसं छापलंय तसंच लिही. आपल्याकडचे ६५ टक्के आणि तिकडचे ६५ एकच नाहीत हे तपासणाऱ्याला माहीत असतं, आणि इंटरनेटवरच्या कन्व्हर्टरने काढलेला आकडा बघितला की उलट शंका येते.

काही युनिव्हर्सिट्या स्वतः तपासतात, काही डब्ल्यूईएस किंवा ईसीई अशा संस्थांकडून इव्हॅल्युएशन, म्हणजे आपलं शिक्षण अमेरिकन हिशोबात कितीचं ते सांगणारा अहवाल, करून आणायला सांगतात. ट्रान्सफरसाठी त्यातलं विषयवार म्हणजे कोर्स-बाय-कोर्स लागतं, नुसती डिग्री ओळखणारं स्वस्तातलं नको. आधी युनिव्हर्सिटीला विचार आणि मगच पैसे भर, कारण काहींना ह्यातलं काहीच नको असतं.

शिफारसपत्रांत ट्रान्सफरवाल्यांची सगळ्यात जास्त अडचण होते. कॉमन ॲपवर (बऱ्याच युनिव्हर्सिट्यांना एकाच जागेवरून अर्ज करायची साइट) कॉलेज रिपोर्ट म्हणून एक फॉर्म असतो, तो तुझ्या कॉलेजच्या कुणीतरी अधिकृत माणसाने भरायचा, की हा आमचा विद्यार्थी आहे, ह्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई नाही वगैरे. आणि चालू सेमिस्टरचे मार्क सांगणारा मिड-टर्म रिपोर्ट. आपल्या कॉलेजात बऱ्याच जणांनी हे कधी बघितलेलंच नसतं, क्लार्क म्हणतात प्रिन्सिपॉलकडे जा, तिथून एचओडींकडे पाठवतात. म्हणून फॉर्मची प्रिंट काढून, कुठे काय भरायचं ते पेन्सिलने लिहून, वेळ घेऊन भेट, आणि सर किंवा मॅडम ज्यांना कॉलेजच्या डोमेनचा ईमेल आहे त्यांच्याकडूनच भरून घे. जीमेलवरून आलेली शिफारस मी नाकारायचे नाही पण खात्री करायला फोन-ईमेल करावे लागायचे आणि त्यात तुझी फाइल मागे पडते. "मी लिहून आणतो, तुम्ही फक्त सबमिट करा" हे आपल्याकडे सर्रास चालतं. करू नकोस, चार मुलांची पत्रं एकाच शैलीत आली की लगेच ओळखू येतं.

परीक्षांचं पटकन. इंग्रजीसाठी टोफेल, आयईएलटीएस, बरेच ठिकाणी ड्युओलिंगोही चालते, टोफेलचा स्कोअर दोन वर्षंच धरतात. इंजिनिअरिंग इंग्रजीतून झालं म्हणून सूट मिळते का ते विचारून बघ, काही देतात, काही देत नाहीत. एसएटी, म्हणजे तिकडच्या बॅचलर्सची प्रवेशपरीक्षा, २०२० मधे कोव्हिडमुळे बहुतेकांनी ऐच्छिक केली होती, एमआयटीने २०२२ मधे परत सक्तीची केली आणि मग बाकीच्या मोठ्या नावांपैकीही काहींनी. यूसीवाले स्कोअर बघतच नाहीत. ट्रान्सफरला बऱ्याच ठिकाणी एसएटी मागत नाहीत, त्यामुळे यादी पक्की होईपर्यंत त्याच्या मागे लागू नकोस.

इथवरचं एका दमात: तू ट्रान्सफर आणि इंटरनॅशनल दोन्ही, जाईपर्यंत दोन वर्षं झालेली असणार, कॉलेज लपवायचं नाही, एम-वन सोडवायचा, सिलॅबस जमा करायचे, आणि प्रत्येक युनिव्हर्सिटीची ट्रान्सफरची व्याख्या वेगळी वाचायची.

आता पैसा, आणि इथे तुझ्या आईबाबांना शेजारी बसवून वाच. अमेरिकेची सरकारी मदत, फाफ्सा वगैरे, एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावाल्याला नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशा थोड्या ठिकाणी इंटरनॅशनल फर्स्ट-इयर मुलांना पैशाची परिस्थिती न बघता प्रवेश ठरवतात आणि गरजेइतकी मदत देतात, ते वाचून लोक सगळीकडे तसंच असेल असं धरतात. इंटरनॅशनल ट्रान्सफरला बऱ्याच युनिव्हर्सिट्या मदत देतच नाहीत, किंवा फारच थोडी. स्टेट युनिव्हर्सिटीत तुला बाहेरच्या राज्याची फी लागते, यूसीमधे तर नुसता बाहेरच्यांसाठीचा वरचा आकारच वर्षाला ३० हजार डॉलरच्या पुढे आहे. प्रवेश मिळाल्यावर आय-२० मिळवायला पहिल्या वर्षाच्या पूर्ण खर्चाएवढे पैसे दाखवावे लागतात, आणि ते हातात येऊ शकणारे पैसे हवेत, म्हणजे बँकेतली शिल्लक, एफडी, मंजूर झालेलं एज्युकेशन लोन. फ्लॅटची किंमत, शेतजमीन, सीएने काढलेलं नेट वर्थ सर्टिफिकेट हे युनिव्हर्सिट्या बहुतेकदा धरत नाहीत, बाबांना हे आधी सांग कारण घरोघरी नेमका तोच कागद आधी तयार होतो. त्यानंतर सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची, ३५० डॉलर फी, व्हिसाची वेगळी, आणि मुंबईच्या कॉन्सुलेटची तारीख.

तारखांमधे ट्रान्सफरवाल्याचं नुकसान असतं. फर्स्ट-इयरची मुलं नोव्हेंबर ते जानेवारीत अर्ज करतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत मोकळी होतात. ट्रान्सफरचे अर्ज बऱ्याच ठिकाणी मार्चपर्यंत असतात आणि निकाल मे, कधी जूनमधे येतो, मग आय-२०, मग व्हिसाची तारीख, आणि तुझी चौथ्या सेमिस्टरची परीक्षाही तेव्हाच. म्हणून ज्यांचा ट्रान्सफरचा निकाल लवकर लागतो अशा युनिव्हर्सिट्या यादीत निदान दोन-तीन असू देत. काही ठिकाणी जानेवारीत सुरू होणाऱ्या स्प्रिंग सेमिस्टरलाही घेतात, पण इतक्या घाईत कॉम्प्युटर सायन्सला मी कुणाला पाठवणार नाही.

कॉम्प्युटर सायन्सबद्दलही नीट समजून घे. बऱ्याच मोठ्या स्टेट युनिव्हर्सिट्यांत प्रवेश मेजरनिहाय, म्हणजे मुख्य विषयानुसार, मिळतो, आणि सीएसच्या जागा सगळ्यात आधी भरतात. "आधी दुसऱ्या कशात तरी शिरतो, मग सीएसला बदलून घेतो" हा प्लॅन इलिनॉय अर्बाना-शॅम्पेनसारख्या ठिकाणी जवळपास चालत नाही. ट्रान्सफरवाल्याकडून डेटा स्ट्रक्चर्स, डिस्क्रीट मॅथ्स असे कोर्स आधीच झालेले असावेत अशी अपेक्षा असते आणि मेकॅनिकलच्या एसईमधे ते नसतात. आपल्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला ब्रँच बदलून मिळते का, हे तू विचारलंस का? केटी असताना अवघड आहे, पण विचार. ते झालं तर इथलं शिक्षणही हवं तसं होतं आणि तिकडचा अर्जही बळकट होतो.

आणि ज्याने तू नाराज होशील ते पण लिहिते. हिशोब मांडून बघ. तू दोन वर्षं करून गेलास, त्यातली समज ४०-५० क्रेडिट धरली, तर तिकडे अजून अडीच-तीन वर्षं, पूर्ण फी भरून. त्याऐवजी इथे बीई पूर्ण केलीस, अजून दोन वर्षं, आणि मग तिकडे दीड-दोन वर्षांची एमएस, तर तिकडची फी कमी वर्षं भरशील आणि हातात एक डिग्री जास्त असेल. चार वर्षांची बीई एमएससाठी सगळीकडे सरळ चालते, हा सगळा क्रेडिटचा झगडा तिथे येतच नाही, फक्त मेकॅनिकलवरून सीएसला जाताना काही विषय भरून काढावे लागतात. ज्या मुलांचं इथे खरंच अडलंय, विषयच चुकलाय, किंवा घरचे खर्च आरामात पेलू शकतात, त्यांना मी ट्रान्सफर सुचवते. नुसतं कॉलेजला कंटाळलेल्यांना नाही सुचवत. तू कुठल्या गटात ते तुझं तुलाच माहीत, आणि ट्रान्सफरच्या निबंधात नेमकं हेच विचारतात, का सोडतोयस. "एक्स्पोजर" हा शब्द मी हजारदा वाचलाय. तुला तिथला कुठला कोर्स, कुठलं काम हवंय जे इथे मिळत नाही, ते लिहिता आलं पाहिजे, आणि कॉलेजची निंदा न करता.

मधला एक रस्ता कम्युनिटी कॉलेजचा आहे, दोन वर्षं तिथे, मग युनिव्हर्सिटी. कॅलिफोर्नियात हे फार व्यवस्थित बसवलेलं आहे, कुठला कोर्स कुठल्या यूसीला चालतो ते असिस्ट नावाच्या सरकारी साइटवर दिसतं आणि यूसीच्या सहा कॅम्पससाठी अटी पूर्ण केल्या तर प्रवेशाची हमी देणारी टॅग योजना आहे. फी बरीच कमी असते. पण तू दोन वर्षं आधीच केलेली असताना परत पहिल्यापासून दोन वर्षं, हे व्हिसाच्या खिडकीवर पटवून सांगावं लागतं, आणि बारावीनंतर लगेच जाणाऱ्याला तो जास्त सोयीचा.

आता लगेच करायचं ते. दहाएक युनिव्हर्सिट्या काढ आणि प्रत्येकीच्या ॲडमिशन ऑफिसला छोटा ईमेल कर: बारावी कधी झाली, कॉलेजात कधीपासून आहे, पुढच्या फॉलपर्यंत (ऑगस्टमधे सुरू होणारं सेमिस्टर) चार सेमिस्टर होतील, तर मी कुठल्या प्रकारात अर्ज करू, इव्हॅल्युएशन कुणाकडून करून आणू, सीएसला इंटरनॅशनल ट्रान्सफर घेता का, आणि मदत मिळते का. चार प्रश्न, बस. उत्तर लेखी ठेव, नंतर कुणी वेगळं सांगितलं तर तोच ईमेल दाखवता येतो, मी ऑफिसात असताना अशा ईमेलमुळे मुलांच्या बाजूने निर्णय झालेले बघितलेत. इथली ॲडमिशन व्हिसा पासपोर्टवर लागेपर्यंत रद्द करायची नाही, एलसी काढायचा नाही, एसईची फी भरायची आणि तासाला जायचं. कॉलेजने मूळ मार्कशीट ठेवून घेतल्या असतील तर परत माग, यूजीसीने २०१८ मधेच नोटिफिकेशन काढून मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायला मनाई केलीय. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे ट्रान्सक्रिप्टचा अर्ज मात्र ईमेलच्या उत्तरांची वाट न बघता ह्याच आठवड्यात टाक, आणि ट्रान्सक्रिप्टची सीलबंद पाकिटं जरा जास्त मागव.